दहा बटणं बाय बारा बटणं

आमची खोली दहा बाय बाराची होती. गिरगावात, दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून तिसरी. ती चाळ आता नाही. त्या जागी टॉवर आहे. त्याच्या पहिल्या सात मजल्यांवर मोटारी राहतात आणि माणसं त्यांच्या वर. आम्ही खोली टॉवर व्हायच्या आधीच विकून बोरिवलीला आलो, त्यामुळे त्या सात मजल्यांवर माझा काही हक्क नाही. पण गेल्या सव्वा वर्षात ती चाळ मी परत बांधली. प्लास्टिकच्या ठोकळ्यांची. माझं वय त्रेपन्न आहे, हे आधीच सांगते म्हणजे पुढचा प्रश्न विचारायचे कष्ट वाचतील.

लेगोच्या ठोकळ्यावर जी गोल बटणं असतात त्यांना छंदवाले स्टड म्हणतात, मी बटणंच म्हणते. एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर. एक बटण म्हणजे एक फूट धरलं की प्रमाण साधारण १:३८ पडतं आणि आमची खोली दहा बटणं बाय बारा बटणं होते. मजल्याची उंची दहा फूट, म्हणजे मॉडेलमध्ये ८० मिलिमीटर. विटेची उंची ९.६, पातळ प्लेटची ३.२. आठ विटा आणि एक प्लेट ठेवली की बरोबर ऐंशी. हा हिशेब कागदावर जुळला त्या रात्री मला झोप आली नाही. भिंती मात्र एक बटण जाडीच्या कराव्याच लागतात, बाजूची भिंत शेजारच्या खोलीशी सामायिक धरली तरी आत उरते नऊ बाय दहा. बिल्टअप आणि कार्पेटचा घोळ इथेही सुटला नाही.

आजी, आई-बाबा, काका, दादा, मी आणि धाकटी, अशी आम्ही सात माणसं त्या खोलीत झोपायचो. १९७८ पासून लेगोची जी छोटी माणसं मिळतात ती या प्रमाणात साधारण पाच फूट उंचीची भरतात आणि हातांसकट तीन बटणं रुंद. खोली रिकामी होती तेव्हा मी ती सात माणसं आत निजवून पाहिली. तीन-तीनच्या दोन ओळी झाल्या. सहा मावली. सातवं माणूस कसंही फिरवलं तरी उंबऱ्याबाहेर. मग आठवलं, दादा गॅलरीतच झोपायचा. आम्ही इतकी वर्षं समजत होतो की त्याला वाऱ्याची हौस आहे. मग मोरी बसवली, कपाट ठेवलं, तेव्हा सहाही मावेनात. कॉट ठेवून दोघांना वर आणि दोघांना खाली घातलं तेव्हा कुठे हिशेब बसला. कॉटखाली मी आणि धाकटी. तिथून दिसणारी लाकडी फळी आणि तिच्यावरचा खडूने लिहिलेला सुताराचा आकडा मला चाळीस वर्षांनी दिसला. जुन्या अल्बममध्ये या खोलीचे अकरा फोटो आहेत. एकाही फोटोने मला हे सांगितलं नव्हतं.

तेव्हा मुद्दा असा. मोठ्या माणसांनी ठोकळ्यांतून स्वतःच्या डोक्याने काही उभं करणं हा पोरखेळ नाही, ती एक प्रकारची मोजणी आहे, आणि मुंबईला ती हवी आहे. पण ती माझ्या कपाटावर होऊन उपयोग नाही. तिला सार्वजनिक जागा आणि सामायिक ठोकळे हवेत, आणि ते देणं हे वाचनालयात पुस्तकं ठेवण्याइतकंच शहराचं काम आहे.

आधी पोरखेळाचं बघू. आमच्या मजल्यावरच्या शेजारीण बाईंनी पहिल्यांदा विचारलं, "ताई, नातवंडांसाठी का?" मला नातवंडं नाहीत हे त्यांना माहीत आहे. त्यांचे यजमान रोज संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात कॅरम खेळतात, शनिवारी रमी. त्यांना कुणी विचारत नाही की हे कोणासाठी. खेळण्याला मुंबईकराची हरकत नाहीच. लोकलच्या डब्यात मांडीवर ब्रीफकेस ठेवून पत्ते कुटणारे लोक आपण पाहिलेत. हरकत आहे ती रंगाला. लाल-पिवळं-निळं दिसलं की वस्तू मुलांची, असं आपण ठरवून टाकलंय. माझी सगळी चाळ गडद तपकिरी, करडी आणि मळक्या हिरव्या रंगात आहे, तरी उपयोग झाला नाही.

खरं तर महाराष्ट्राइतकी प्रतिकृतींची हौस दुसरीकडे क्वचित असेल. दिवाळीत किल्ला करायचा म्हटलं की पोरं माती आणतात आणि तासाभरात त्यांचे मामा-काका त्यांना बाजूला सारून तटबंदीवरून भांडत असतात. दरवाजा गोमुखी की सरळ, यावर आवाज चढतात. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यातल्या बहुतेकांची पहिली ओळख आपल्याला अंगणातल्या चिखलात झालेली असते. गणपतीच्या देखाव्यासाठी चाळिशी उलटलेली माणसं नोकरी करून रात्री दोनपर्यंत मंडपात पुठ्ठे कापतात. कुणी त्यांना पोरकट म्हणत नाही, कारण ते काम चार लोकांत, चार लोकांसाठी चाललेलं असतं. म्हणजे आपली शंका वयाबद्दल नसून एकटेपणाबद्दल आहे. बंद खोलीत एकटंच बसून ठोकळे जोडणारं माणूस आपल्याला चमत्कारिक वाटतं. या शंकेत थोडं तथ्य आहे. त्याकडे नंतर येते.

आणि एक मॉडेल तर सगळं शहर भक्तिभावाने बघतं. कुठल्याही बिल्डरच्या सेल्स ऑफिसात जा. काचेच्या पेटीत टॉवर उभा असतो, खिडक्यांत पिवळे दिवे, खाली बोटभर उंचीची झाडं, निळाशार स्विमिंग पूल, त्याच्या काठी एक बाई पुस्तक वाचत पहुडलेली. त्या पेटीसमोर सूटबुटातली माणसं वाकून आपली खिडकी शोधतात. तो पोरखेळ नाही, कारण ते विकायचं आहे. येणाऱ्या टॉवरचं मॉडेल प्रत्येक ऑफिसात असतं; जाणाऱ्या चाळीचं मॉडेल मी तरी कुठे पाहिलेलं नाही.

इथे गैरसमज नको. पुनर्विकासाला माझा विरोध नाही. बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या गेल्या, खोली १६० चौरस फुटांची. आता तिथल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मिळतायत. माझ्या मापात सांगायचं तर दहा बाय सोळा बटणांची, म्हणजे साधारण मोबाईलएवढी खोली जाऊन वीस बाय पंचवीस बटणांचं, शाळेच्या वहीएवढं घर. जे लोक मोबाईलएवढ्या जागेत तीन पिढ्या राहिले त्यांना वही नको म्हणायला मी कोण? पण मोबाईल कसा होता, त्यात कोण कुठे झोपायचं, नळ कुठे होता, भांडण कुठल्या कठड्यापाशी व्हायचं, याची नोंद कोण ठेवणार? मुंबईत जुन्या इमारतींबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक फोर्टातल्या दगडी कमानींबद्दल. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला २००४ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्याची मोजमापं कागदावर आहेत, कुणीही ठोकळ्यांतून ते घुमट उभे करू शकेल. आमच्या चाळीचा एक नकाशा कुठल्यातरी कपाटात असलाच तर वाळवीच्या पोटात असेल.

शहराला ही गोष्ट एकेकाळी समजत होती. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलं. राणीच्या बागेत हत्ती बघायला गेलेलं प्रत्येक मूल तिथे एकदा तरी ओढून नेलं गेलंय. वरच्या मजल्यावर काचेच्या कपाटांतून वीतभर उंचीची माणसं आहेत, त्यांचे धंदे, त्यांचे पोशाख, होड्या, खेळ. मला लहानपणी वाघापेक्षा ती आवडायची. त्या मातीच्या बाहुल्यांतून आज आपण जुनी मुंबई वाचतो. त्या करणाऱ्यांनाही कुणीतरी विचारलंच असेल, हे या वयात काय.

काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलचं उदाहरण तर मला नेहमी गंमतीचं वाटतं. १८६०च्या दशकात त्या इमारतीचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला, सुटे भाग जहाजाने आणले आणि इथे जोडले. ७ जुलै १८९६ रोजी देशातला पहिला सिनेमा दाखवला गेला तो तिथे. मुंबईच्या एका ऐतिहासिक वास्तूचा जन्म म्हणजे सुटे तुकडे आणि जोडणी. आणि आज आपले कितीतरी पदपथ एकमेकांत अडकणाऱ्या पेव्हर ब्लॉकचे आहेत. या शहराला ठोकळे शिकवायची गरज नाही, फक्त ते नीट बसवायची आहे.

आता छंदवाल्यांच्या बाजूने बोलते म्हणून त्यांची तक्रारही करते. आमच्यातल्या पुष्कळांनी बांधणं सोडून दिलंय आणि जमवणं धरलंय. २०२० पासून कंपनीने मोठ्यांसाठीच्या पेट्या काळ्या रंगात, वर १८+ छापून काढायला सुरुवात केली. आत पुस्तिका असते: हा तुकडा इथे, तो तिथे. ताजमहालाची पेटी २००८ मध्ये आली तेव्हा तिच्यात ५,९०० हून जास्त तुकडे होते, आणि ती जोडणं हे आठवड्याचं काम आहे, ते सोपं नाही, हातांना बरं वाटतं, डोकं शांत होतं. पण पुस्तिकेबरहुकूम ताजमहाल लावणं म्हणजे निर्मिती नव्हे. दादरच्या बाजारात दिवाळीला रंगवलेला तयार किल्ला मिळतो, प्लास्टर ऑफ पॅरिसचा. तो आणून ठेवणाऱ्या घराला आपण मनातल्या मनात काय म्हणतो? तेच इथे. मी स्वतः अशा चार पेट्या लावल्यात आणि त्यातून शिकलेय. बंदिश गिरवल्याशिवाय गाणं येत नाही हे मान्य. पण सगळा जन्म गिरवण्यात घालवून मैफलीचा आव आणणं मान्य नाही.

याउलट पुस्तिका फेकून दिल्यावर जे सुरू होतं, त्याला छंदवाले मॉक, म्हणजे ‘माय ओन क्रिएशन’, म्हणतात, ते थक्क करणारं आहे. आठ बटणांच्या एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या ९१,५१,०३,७६५ प्रकारांनी जोडता येतात. कोपनहेगनच्या गणितज्ञांनी ते संगणकावर मोजलंय. पण मजा आकड्यात नाही, अडचणीत आहे. आमच्या गॅलरीचा कठडा लाकडी होता, बारीक उभ्या गजांचा. बटणं वर ठेवून कितीही जोडलं तरी ते गज जाडजूड होत होते, कठडा कारागृहासारखा दिसायचा. मग तुकडे आडवे करायचे, बटणं बाहेरच्या बाजूला. असं आडवं काम बसतं कारण पाच प्लेटांची जाडी १६ मिलिमीटर भरते आणि दोन बटणंही १६ मिलिमीटरच. हे एक समीकरण कळायला मला दीड महिना लागला आणि तोवर मी कठडा नऊ वेळा उखडला. मंगळुरी कौलांसाठी उतरत्या तुकड्यांच्या ओळी एकाआड एक सरकवल्या, मधले काही मुद्दाम वेगळ्या छटेचे घातले, कारण आमच्या छपरावर दर पावसाळ्यात चार कौलं नवी यायची. या कामाला कारागिरी म्हणायचं नाही तर मग सावंतवाडीच्या खेळण्यांनाही म्हणू नका. सामान वेगळं आहे, प्रामाणिकपणा तोच.

माझ्या ओळखीत एकाने बेस्टची दुमजली बस केली आहे. १९३७ साली सुरू झालेल्या या बसगाड्यांपैकी जुन्या बिगरवातानुकूलित गाड्यांची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ रोजी झाली. त्याने आतला वळणाचा जिना इतका खरा केलाय की पाहणाऱ्याचा हात आपोआप वरच्या दांड्याकडे जातो. तो बसखाली रोज आठ तास घालवणारा मेकॅनिक नाही, औषधांचा प्रतिनिधी आहे. बस ठेवायला घरात जागा नाही म्हणून ती पलंगाखाली, साडीच्या खोक्यात.

तर हा मुंबईतला खरा प्रश्न. कौशल्य आहे, जागा नाही आणि पैसा नाही. माझ्या चाळीला अंदाजे सात हजार तुकडे लागले. तुकड्यामागे सरासरी दहा रुपये धरले तरी सत्तर हजार. (नवऱ्याला हा आकडा या लेखातूनच कळेल.) मी नोकरी करते, मुलगा कमावता आहे, म्हणून परवडलं. चाळीत माझ्याहून कितीतरी चांगले हात असलेली माणसं होती. तळमजल्यावरचे एक काका काडेपेटीच्या काड्यांतून घरं करायचे, कारण काड्या फुकट मिळायच्या. ठोकळ्यांचं जग आज ज्यांच्याकडे काचेचं शोकेस आहे त्यांचं आहे, आणि त्यामुळे त्या शोकेसमध्ये ताजमहाल आणि अंतराळयानं दिसतात, कामाठीपुरा आणि करी रोड दिसत नाहीत.

सरकारी धोरणाने भर घातली आहे. २०२० साली खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. जकातीच्या पुस्तकात ९५०३ या एकाच शीर्षाखाली तिचाकी सायकल, बाहुली, कोडी आणि लहान प्रमाणातल्या प्रतिकृती अशी सगळी वरात बसवलेली आहे. गुणवत्तेच्या आदेशात खेळणं म्हणजे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळासाठी केलेली वस्तू. पेटीवर छापलंय अठराच्या पुढे. आमचे बरेच छंदवाले यावरून चिडलेले असतात. मला त्यांच्या रागात सामील व्हावंसं वाटत नाही. शुल्क निम्मं केलं तर काय होईल? माझं कपाट आणखी भरेल. ज्याला सत्तर हजार परवडत नाहीत त्याला चाळीसही परवडणार नाहीत. देशी कारखान्यांना संरक्षण मिळून त्यांच्या विटांची पकड सुधारत असेल तर सुधारू दे.

वीट काही कुणाच्या बापाची नाही, हेही या निमित्ताने सांगायला हवं. लेगो १९३२ साली डेन्मार्कमधल्या बिलुंड गावी एका सुताराने सुरू केलं, लाकडी खेळण्यांचं. १९४९ मध्ये त्यांनी काढलेली पहिली प्लास्टिकची वीट हिलरी पेज या इंग्रज गृहस्थाच्या किडीक्राफ्ट विटेवरून घेतलेली होती. ती आतून पोकळ, जोडलेलं लगेच सुटायचं. आत नळ्या घालून पकड घट्ट करायची युक्ती त्यांची स्वतःची. तिच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ चा. ते पेटंट केव्हाच संपलं. २०१० साली युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की विटेचा आकार हा तिच्या कामासाठीच आहे, त्यावर व्यापारचिन्ह म्हणून मालकी सांगता येणार नाही. म्हणजे ८ मिलिमीटरचं अंतर हे आज सगळ्यांचं आहे, फुटपट्टीवरच्या सेंटीमीटरसारखं. जी गोष्ट सगळ्यांची आहे ती सगळ्यांनी मिळून वापरायला हरकत काय?

म्हणून माझी मागणी शुल्काची नाही, वाचनालयाची आहे. पुस्तकं महाग होती तेव्हा आपण काय केलं? मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झालं आणि त्याच्या शाखा वस्त्यावस्त्यांत गेल्या. ज्यांच्या घरी एक पुस्तक नव्हतं त्यांनी वर्गणी भरून हजारो वाचली. गणपती घरोघर होतेच; १८९३ मध्ये ते गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक झाले. व्यायामशाळा, भजनी मंडळ, भिशी, पतपेढी, या शहरात मराठी माणसाला जे एकट्याला परवडलं नाही ते त्याने मंडळ काढून केलं. ठोकळ्यांचंही तेच करायचं. वॉर्डातल्या एका वाचनालयात एक खोली, दोन लांब टेबलं, भिंतीला लागून खण आणि किराण्याचा एक काटा. काटा यासाठी, की ठोकळे मोजून देत बसलं तर ग्रंथपाल दुसऱ्या दिवशी राजीनामा देईल. आठ बटणांच्या विटा किलोत चारशेहून जास्त बसतात. तीन किलो न्या, तीन किलो परत आणा, पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे माफ. मॉडेल तीन महिने खोलीत ठेवा, मग फोटो आणि मापं वहीत नोंदवून मोडा, पुढच्याला द्या. खण मात्र आकारावरून लावायचे, रंगावरून नाही. काळ्यांच्या ढिगात काळा तुकडा शोधणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच माहीत, आणि एकाच आकारात रंग डोळ्याला आपोआप सापडतो. छंदवाल्यांत यावरून दोन तट आहेत. दुसरा तट चुकीचा आहे.

मोडायचं म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. पण किल्ला तुळशीच्या लग्नानंतर मोडतोच, गणपती बोळवतोच. टिकवून ठेवण्याचा हट्ट हा शोकेसवाल्यांचा.

याला पहिला आक्षेप प्लास्टिकचा. बरोबर आहे, २०१८ मध्ये महाराष्ट्राने थर्माकोलवर बंदी घातली तेव्हा मखरवाले रडले आणि मी टाळ्या वाजवल्या. ठोकळा एकदा वापरून टाकायचा नसतो, १९५८ ची वीट आजच्या विटेवर बसते, हे खरं. पण म्हणून नवी वीट पवित्र होत नाही. ती खनिज तेलातूनच येते. उलट हाच आक्षेप सामायिक साठ्याच्या बाजूने जातो. कितीतरी घरांत माळ्यावर मुलं मोठी झाल्यावर बांधून ठेवलेलं ठोकळ्यांचं गाठोडं आहे. ते रद्दीत जायच्या आधी वाचनालयात यावं. पहिल्या वर्षी एकही नवी पेटी विकत घ्यावी लागणार नाही, असा माझा अंदाज आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: दवाखान्यात खाटा नाहीत, रस्त्यांत खड्डे आहेत आणि तुम्ही ठोकळे काय मागता. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. एका वॉर्डातली एक पडीक खोली, दोन टेबलं आणि काटा यांनी एकही खाट कमी होणार नाही. आणि हा आक्षेप वाचनालयांवर, नाट्यगृहांवर, बागांवर प्रत्येक वेळी घेतला गेलाय. तो मानला असता तर राणीची बाग झाली नसती.

तिसरा, परदेशी प्लास्टिक कशाला, माती आहे की आपली. कुठे आहे? आमच्या सोसायटीत कंपाउंडभर पेव्हर ब्लॉक आहेत. गेल्या दिवाळीत मुलांनी किल्ल्यासाठी माती ऑनलाइन मागवली, पाच किलोची पिशवी, कुंडीतल्या झाडांची.

राहिला एकटेपणाचा मुद्दा, ज्याच्यात तथ्य आहे असं मी वर म्हटलं. आमच्या चाळकऱ्यांचं स्नेहसंमेलन होतं. मी चाळ मधून सोडवून दोन भागांत रिक्षातून आणि लोकलमधून नेली. तिथे जुने अल्बम फिरत होते. लोक फोटो बघून म्हणायचे, "अय्या, किती बारीक होतीस," आणि पान उलटायचे. चाळीसमोर मात्र घोळका झाला आणि लगेच चुका निघायला लागल्या. नळ या बाजूला नव्हता. जिन्याची तिसरी पायरी फुटकी होती, ती सगळ्यांच्या पायांना पाठ होती. ऐंशी ओलांडलेल्या एका आजोबांनी थरथरतं बोट पहिल्या मजल्याच्या कोपऱ्यावर ठेवलं, "इथे दिवा होता, संपाच्या वर्षी बंद पडला, तो परत लागला नाही." मी वहीत लिहून घेत होते. मग तळमजल्यावर मागच्या बाजूला राहणारी, माझ्याच वर्गातली एक मैत्रीण खूप वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "तुझ्या चाळीत संडास कुठे आहेत गं?"

नव्हते. सव्वा वर्ष काम करून, कौलांच्या चार छटा लावून, तुळशीचा डालड्याचा डबासुद्धा करून, मी प्रत्येक मजल्याच्या टोकाचे चार सामायिक संडास बांधायचे विसरले होते. विसरले म्हणजे काय, डोक्यात ते आलेच नाहीत. तिची खोली त्यांच्या खाली होती. पावसाळ्यात भिंत ओली असायची. तिला ती चाळ वासासकट आठवत होती आणि मी गॅलरीत चांदणं बघत बसले होते. घरच्या कपाटावर ते मॉडेल आणखी दहा वर्षं राहिलं असतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी "छान हं" म्हटलं असतं, आणि ती एक सुबक थाप म्हणून राहिली असती. मॉडेलसमोर माणसं उभी राहिली की ती दुरुस्त्या सांगतात, हा या माध्यमाचा सगळ्यात मोठा गुण आहे, आणि तो चारचौघांत ठेवल्याशिवाय कामाला येत नाही. सेल्स ऑफिसातल्या काचेच्या पेटीला कुणी बोट लावून सांगत नाही की इथे पाणी तुंबतं.

म्हणून आणखी एक. पुनर्विकासाच्या करारात कॉर्पस फंड असतो, भाडं असतं, पार्किंग असतं. त्यात एक ओळ घालावी की इमारत पाडायच्या आधी रहिवाशांना तिची मापं घेऊ द्यावीत आणि तिचं मॉडेल करायला एक खोली सहा महिने द्यावी. कुणाकडून तरी करवून घेतलेलं गुळगुळीत मॉडेल नको. रहिवाशांनी केलेलं, भांडत केलेलं, ज्याच्यात फुटकी पायरी आहे आणि संडास आहेत. ते सोसायटीच्या नव्या लॉबीत ठेवायचं, सोफ्याशेजारी. लॉबीत बसायला तसंही कुणी येत नाही.

संडास मी आता बांधलेत. त्यासाठी चाळीची लांबी सहा बटणांनी वाढली आणि ती कपाटावर मावेनाशी झाली. एक टोक बाहेर येतं, पंखा लावला की नवऱ्याला धाकधूक होते. आमच्या भागातल्या वाचनालयात मागच्या बाजूला एक खोली आहे. खिडकीतून पाहिली आणि बाहेरून पावलांनी मोजली, चौदा बाय अठरा असावी. आत तीन मोडक्या खुर्च्या, जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि एक बंद पडलेला कूलर आहे. किल्ली कुणाकडे असते ते ग्रंथपाल बाईंना नक्की ठाऊक नाही. सोमवारी ये, म्हणाल्या आहेत.